सिरोंच्याच्या वाटेवर दोन भाऊ

महाराष्ट्राच्या नकाशात आग्नेयेकडचे जे टोक गोदावरीपर्यंत उतरते, त्या टोकावर सिरोंचा वसलेले आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर त्या एकवटलेल्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता सिरोंच्याला वळसा घालून लगेच गोदावरीला मिळते, समोरच्या काठावर तेलंगणातील कालेश्वरम् दिसते आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड सुरू होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडून ब्रिटिशांकडे आला तेव्हा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा करून त्याचे ठाणे सिरोंच्यात ठेवण्यात आले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला, सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली आणि १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेली. कोणत्याही राजधानीपासून दूर असलेल्या या गावाकडे जाणारा माणूस बहुधा कामासाठी, नात्यासाठी किंवा तीर्थासाठी जातो. केवळ धावत तेथे पोहोचावे म्हणून जाणारे विरळाच, आणि म्हणूनच पुण्याहून निघालेल्या दोन सख्ख्या भावांच्या या प्रवासाची नोंद करणे योग्य वाटते. या दोघांतील धाकटा म्हणजेच प्रस्तुत लेखक.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर होते, आजचा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आला आणि १९२१ मध्ये तो कायम ठरला. मराठी मुलखाशी या शर्यतीचे नाते जुने आहे, कारण १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या भारतीय चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते आणि त्या शहरात धावणे हा आता कित्येक घरांचा रविवारचा नेम झाला आहे. तथापि या दोन भावांनी शर्यत निवडली नाही. आलापल्लीहून सिरोंच्याकडे येणाऱ्या रस्त्याचे शेवटचे तेवढे अंतर दोघांनी बरोबरीने, एकाने दुसऱ्याला मागे न टाकता, धावायचे असे ठरले होते. ही अट थोरल्याने घातली होती आणि तिचे महत्त्व धाकट्याला सिरोंच्याच्या वाटेवरच कळत गेले.

चंद्रपूरहून निघाल्यावर प्रथम बल्लारपूर लागते. कोळसा, बांबू आणि कागद यांवर वाढलेल्या या पट्ट्यात सकाळी टपरीवर तर्री-पोहे मिळतात, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा ओतून. पुण्याच्या माणसाला पोहे कोरडे, वर खोबरे-कोथिंबीर पेरलेले लागतात. इथे मात्र रस्सा पुन्हा मागितला नाही तर वाढणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते आणि तो न विचारताच पळी घेऊन येतो. याच जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या उपक्रमातून एव्हरेस्टचे शिखर गाठले. रानातल्या मुलांच्या अंगात दम उपजतच असतो, असे या यशाविषयी बोलताना वारंवार ऐकू येते. हे बोलणे कौतुकाचे असले तरी त्या मुलांवर अन्याय करणारे आहे, कारण त्यांनी अनेक महिने शिस्तीने प्रशिक्षण घेतले होते आणि त्यांच्या मेहनतीचे श्रेय रक्ताला देऊन टाकणे म्हणजे ती मेहनत पुसून टाकणेच होय.

गोंडपिपरी मागे पडून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो आणि बोलण्याची तऱ्हाही पालटते. झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील या जंगलपट्टीत, वाक्याच्या शेवटी 'जी' येतो आणि अनोळखी माणसालाही तो मिळतो. आलापल्लीच्या पुढे 'जी' विरळ होत जाऊन 'अन्ना' आणि 'अक्का' ही तेलुगू संबोधने कानी पडू लागतात, पोह्यांची जागा इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी घेते, आणि गावांची नावे पल्ली व गुडम यांवर संपू लागतात. आलापल्लीचा साग सर्वांना माहीत आहे. तेथील जुन्या वनखंडाला २०१४ मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. त्या खंडात सरळसोट, फांदीविना वर गेलेली खोडे पाहताना मान मागे टाकावी लागते, आणि खाली वाळलेल्या सागाच्या पानांवर पाऊल पडले की होणारा आवाज इतका मोठा असतो की दोन माणसांना बोलायचे तर थांबावे लागते. रेपनपल्लीपासून कमलापूरचा फाटा फुटतो. वनखात्याचे हत्ती तेथे पाळले जातात आणि पुढे कोलामार्काच्या रानात रानम्हशींचे संरक्षित क्षेत्र आहे. दोघे भाऊ त्या फाट्याला वळले नाहीत.

या टापूत वाटेने जाताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पुण्यात दोन माणसे धावताना दिसली तर भेटणारा विचारतो, किती किलोमीटर झाले, किंवा गेल्या वेळी किती वेळ लागला होता. आलापल्लीच्या पुढे चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर किंवा शेताच्या बांधावर, कुठेही थांबले तरी पहिला प्रश्न एकच येतो: दोघे एकमेकांचे कोण लागता? भाऊ असे उत्तर दिले की दुसरा प्रश्न येतो, थोरला कोण? आणि तेवढे कळल्यावर चहाचा पहिला पेला थोरल्याच्या हातात दिला जातो. अंतर, वेग, कारण या बाबी नंतर येतात किंवा येतच नाहीत. हे कुतूहल उगाच नाही. गोंड आणि माडिया समाजात कुळे देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. चार, पाच, सहा, सात देव मानणाऱ्या कुळांपैकी ज्यांची संख्या सारखी ती एकमेकांची दादाभाई, म्हणजे भाऊबंद, आणि ज्यांची वेगळी ती सोयरी, म्हणजे ज्यांच्याशी लग्नसंबंध जुळू शकतो अशी. कोण कोणाचा भाऊ आहे हे ठरल्याखेरीज त्या माणसाशी कसे बोलावे, कोणाकडे पाणी मागावे, कोणाची थट्टा करावी, हेच ठरत नाही. धावणाऱ्या दोन माणसांना हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यांची धाव घराच्या चौकटीत बसवून पाहिली जाते, आणि शहरी धावपटूला ही दृष्टी प्रथम अनोळखी आणि मग हवीशी वाटू लागते.

धावण्याच्या दिवशी सूर्योदयापूर्वी निघाल्यामुळे पहिला तास धुक्यात गेला. जानेवारीच्या अखेरीस इकडे पहाट चांगलीच गार असते, रस्त्याच्या कडेची तांबडी माती दवाने बसलेली असते आणि अंधारात केवळ स्वतःच्या व शेजारच्या माणसाच्या श्वासाचा अंदाज येतो. लांबच्या शर्यतींत 'पेसर' नावाचा धावपटू असतो. ठरलेल्या वेळेचा झेंडा पाठीवर लावून तो एकसारख्या गतीने धावतो आणि त्या वेळेत पोहोचू इच्छिणारे त्याच्या मागे राहतात. या रस्त्यावर ते काम थोरल्याकडे होते. किलोमीटरला सात मिनिटे ही गती त्याने धरली आणि धाकट्याचे पाय पुढे ओढत असताही ती सोडली नाही. घरात लहानपणापासून जो पुढे चालतो त्याच्या गतीने मागच्याने चालायचे, ही रीत मोठेपणी प्रत्येकाच्या स्वतंत्र संसारात विसरली जाते. चाळिशी उलटलेल्या दोन माणसांनी ती पुन्हा अंगी बाणवायची तर मनाला बरेच आवरावे लागते, कारण लवकर धावू शकणाऱ्याला हळू धावणे हे थकण्यापेक्षा अवघड असते.

उजाडल्यावर समोरून आठवडी बाजाराला निघालेली माडिया कुटुंबे भेटू लागली. ही माणसे रस्ता कितीही रुंद असला तरी एकामागे एक अशी रांगेने चालतात, कारण रानातली पायवाट एका पावलाचीच असते. एका कुटुंबात सर्वांत पुढे म्हातारी होती. तिच्या डोक्यावर गाठोडे, हातात काठी, आणि मागे सून, दोन मुली, सर्वांत शेवटी खांद्यावर कावड घेतलेला तरुण मुलगा. कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या होत्या आणि त्या ओझ्याखाली झपझप चालणेच सोपे जाते, तरीही तो मुलगा म्हातारीच्या पावलांवर नजर ठेवून आखूड पावले टाकत होता. म्हातारी थांबली की कावड न उतरवता तोही थांबे, खांदा पालटे आणि ती निघाली की निघे. तिला कोणी लवकर चल म्हणत नव्हते आणि तीही मागे वळून पाहत नव्हती. थोरल्याची अट आणि ही रांग यांत फारसा फरक नव्हता, एवढे धाकट्याच्या तेव्हाच ध्यानात आले.

कुटुंबातील माणसाबरोबर धावण्याची जगभर ठाऊक असलेली गोष्ट अमेरिकेतील डिक आणि रिक हॉइट या बापलेकांची आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहण्याची अवस्था, घेऊन जन्मलेल्या रिकला चाकांच्या खुर्चीत बसवून डिकने १९७७ मध्ये पहिली धाव पूर्ण केली आणि पुढे दोघे बॉस्टनची मॅरेथॉन ३२ वेळा धावले. मराठी घरांतही अशी उदाहरणे आहेत. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावत असताना त्यांच्या आई उषा सोमण वाटेत साडीवर, अनवाणी, त्यांच्या बरोबरीने धावल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या गटात नऊवारीत धावून पहिल्या आलेल्या लता करे एकट्याच धावल्या खऱ्या, पण ती धाव संसाराचीच होती. त्यांच्यावर तेलुगू दिग्दर्शक नवीन देशबोइना यांनी मराठी चित्रपट केला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. या तिन्ही धावांत अंतर वेगळे, देश वेगळे, पण एक बाब सारखी आहे. वेळेचा विक्रम हे त्यांतल्या कोणाचेच उद्दिष्ट नव्हते, आणि तरीही लोकांच्या ध्यानात विक्रमवीरांपेक्षा त्याच अधिक राहिल्या.

सिरोंचा जवळ येऊ लागले तसे रान मागे हटत गेले, काळी जमीन आली, कापसाची बोंडे वेचून झालेली शेते आणि मिरचीचे मळे दिसू लागले. वेचलेली मिरची खळ्यावर पसरलेली असते आणि तिच्यावरून वारा आला की धावणाऱ्याच्या घशात ठसका बसतो. बांधांवर ताडाची झाडे, त्यांना टांगलेली मडकी, आणि मडके उतरवायला चढलेला माणूस कमरेच्या दोरावर रेलून खालच्याशी तेलुगूत बोलताना दिसतो. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास थोरल्याची पावले जड झाली. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, साधारण तेवढ्या अंतरावर संपत येते आणि मग शरीराला चरबी जाळून काम भागवावे लागते, जे संथपणेच होते. शहरातल्या शर्यतीत या टप्प्याला गोड चिकट द्रव्याच्या पुड्या वाटतात. इथे रस्त्याकाठच्या एका घरापुढे दोघे चालू लागले तेव्हा अंगणात मिरच्या चाळवणाऱ्या बाईने, नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर, आतून पितळी तांब्यात जावा आणला. जावा म्हणजे तांदळाच्या कण्यांची रात्रभर ठेवलेली, किंचित आंबलेली, मीठ घातलेली पातळ पेज. घामाबरोबर गेलेले मीठ, पाणी आणि लगेच पचणारे पिष्ट हे तिन्ही तिच्यात असते, त्यामुळे लांब धावणाऱ्याला हवे ते सारे त्या तांब्यात होते. सोबत अंबाडीच्या पाल्याची लसूण घालून वाटलेली चटणी बोटाच्या टोकावर घ्यायची आणि वर जावा प्यायचा. थोरल्याने दोनदा मागून घेतला. पैशाची गोष्ट निघताच बाईने हात आडवा केला आणि धाकट्याला तेलुगू मिसळलेल्या मराठीत बजावले, "अन्नाला पळवू नको, चालव."

उरलेले अंतर त्यानंतर कधी चालत, कधी धावत काटले गेले. धाकट्याच्या अंगात बळ शिल्लक होते आणि पुण्याच्या रस्त्यावर त्याने ते राखले नसते. इथे थोरला चालला की चालायचे आणि धावला की धावायचे. या वेळात दोघांत जे बोलणे झाले ते गेल्या काही वर्षांत झाले नव्हते. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केले, ही दोघांच्या मनात साचलेली गोष्ट थोरल्याने स्वतःच काढली. समोर पाहत चालणाऱ्या माणसांना एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, आणि दम लागलेला असल्यामुळे लांबलचक खुलासा देता येत नाही. जे सांगायचे ते चार शब्दांत सांगून पुढचे पाऊल टाकावे लागते. घरात बसून जी बोलणी वादावर गेली असती, ती अशी रस्त्यावर पार पडली.

सिरोंच्याच्या बाजारपेठेत पाट्या मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही लिप्यांत आहेत आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून भाषा निवडतो. जेवणात भात मुख्य, त्यावर चिंचेचा पप्पुचारू, म्हणजे आंबट पातळ वरण, आणि पोळी मागितली तर मिळते पण तिची वाट पाहावी लागते. इतर महाराष्ट्रात भात बहुधा पोळीनंतर येतो, तर इथे तोच आधी, मधे आणि शेवटी. संध्याकाळी पूल ओलांडून कालेश्वरम्ला गेले की एकाच पिठावर दोन शिवलिंगे असलेले कालेश्वर-मुक्तेश्वराचे मंदिर पाहता येते. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे दर बारा वर्षांनी येणारे नदीस्नानाचे पर्व, झाला तेव्हा दोन्ही काठांवर लाखोंची गर्दी लोटली होती. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी याच गोदावरीतून वर्ध्याच्या कापूस मुलखापर्यंत जहाजे नेण्याचा घाट घातला होता आणि १८७१ मध्ये तो सोडून दिला. सरकारांच्या मोठ्या योजना या काठावर येतात आणि जातात. गोदावरीवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब २०२३ मध्ये खचले, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्याने ज्यांची शेते पाण्याखाली गेली ते सिरोंचा तालुक्यातील शेतकरी भरपाईविषयी अजून बोलत असतात. त्यांचे म्हणणे राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंना जेवढे ऐकले जायला हवे तेवढे ऐकले जात नाही, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुले-मुली धावताना दिसली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. गडचिरोली जिल्ह्यात शेतीखेरीज हातात पगार देणाऱ्या नोकऱ्या थोड्या असल्यामुळे ही धाव संपूर्ण घराची असते. रस्त्यावर चुन्याने आडवी रेघ मारलेली होती, तिच्या शेजारी चपलांचे जोड ओळीने काढून ठेवलेले, कारण पळायचे ते अनवाणीच. एका मुलीचा भाऊ हातात मोबाइल धरून वेळ मोजत होता आणि तिची आई शाल पांघरून मैलाच्या दगडावर बसली होती. दर फेरीनंतर मुलगी रेघ ओलांडे, भाऊ आकडा सांगे, आई काहीच न बोलता पाण्याची बाटली पुढे करी. ती पहिले दोनशे मीटर फार वेगाने निघते आणि शेवटी कोसळते, हे थोरल्याच्या दोन फेऱ्यांतच लक्षात आले. त्याने तिच्या भावाला सुचवले की मोबाइल आईकडे द्यावा आणि स्वतः तिच्या पुढे एकसारख्या गतीने धावावे, म्हणजे तिला मोजावे लागणार नाही. पुढची फेरी तशी झाली आणि शेवटच्या दोनशे मीटरांत तिचे खांदे पहिल्यांदाच वर चढले नाहीत.

जिल्ह्याच्या पोलीस दलाने गडचिरोलीत महामॅरेथॉन भरवली आहे आणि तीत गावोगावची हजारो मुले-मुली उतरली आहेत. अशा शर्यतींत एकाच घरातील दोघांचा स्वतंत्र गट असावा, दोघांनी एकत्र निघावे आणि जो मागून येईल त्याची वेळ दोघांची धरावी, असा विचार थोरल्याने तेथे जमलेल्यांपुढे मांडला. पुढे गेलेल्याला थांबून वाट पाहण्याने काही मिळणार नाही, म्हणून त्याला मागे येऊन दुसऱ्याची गती धरावीच लागेल, एवढाच त्या नियमाचा अर्थ. मुलांना तो लगेच पटला आणि कोणी कोणाबरोबर उतरायचे यावर बोलणे सुरू झाले. मैलाच्या दगडावर बसलेल्या आईने विचारले, भाऊ-बहीण चालतील, बाप-लेक चालतील, मग नणंद-भावजय का नाही? घरात सून आली की ती त्याच घरची, तेव्हा त्याही चालतील, असे थोरल्याने सांगितले. त्यावर तिने मुलीला घरी जाऊन वहिनीला उठवायला सांगितले.